आत येऊ नये

११ फेब्रुवारी

दाजी,

आणि वर पत्रात मलाच विचारता, "तुला कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं ते सोडा. पाटी खरी की खोटी, तेवढं बोला. सख्ख्या आत्याला दारातून परत पाठवायचं, आणि तेही तोंडाने नाही, पाटी लावून! "आत येऊ नये." खाली जाड रेघ. आत्या म्हणाली, अक्षर इतकं सुंदर की क्षणभर वाटलं चुकून एखाद्या बँकेत आले.

तुम्ही पाट्या रंगवता, मान्य. सगळ्या बाजारात तुमचंच अक्षर आहे, तेही मान्य. मग दुकानांवर रंगवा ना. माझ्या बहिणीच्या दारावर कशाला? तिला कॅन्सर झालाय, तिने कुणाच्या घरी चोरी केलेली नाही.

तुमचं लग्न ठरलं तेव्हाच मी बोललो होतो, हा माणूस बोलत नाही, याच्याशी तू दिवस कसे काढणार? तर ताई म्हणाली, "बोलणारे आपल्या घरात पोत्याने आहेत, एक ऐकणारा आणते." आता बघा म्हणावं, ऐकणाऱ्याने दारच लावून घेतलं.

तिला फोन करावा तर एकच पाढा. "मी बरी आहे, तू जेवलास का?" जेवलो नाही म्हटलं की ती रडते. जेवलो म्हटलं की फोन ठेवते. म्हणून तुम्हाला लिहितो. मला लिहायची हौस नाही. दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी रचून बोटं अशी होतात की पेन धरलंय की फावडं, कळत नाही. पण चौदा महिने टिकलोय इथे. हसू नका. गॅरेज, बेकरी, पेट्रोल पंप, कुठेच मी तीन महिन्यांवर राहिलो नाही, म्हणून तुम्हीच नाव ठेवलंत ना भिंगरी? हे काम सोडणार नाही असं ताईने माझ्याकडून वचन घेतलंय, म्हणून टिकलोय.

चार हजार पाठवतोय. पाटी काढा.

तुमचा मेव्हणा


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

पत्र मिळाले. शिव्या सोडून बाकीचे वाचले, त्यामुळे लवकर संपले.

तुझी ताई ठीक आहे. केमोचे तिसरे औषध गेल्या आठवड्यात झाले. जेवण थोडे कमी आहे, होईल.

पाटी मी रंगवली आहे आणि ती राहील. कारण आहे. आत्याला वाईट वाटले असेल तर मी तिला पत्र लिहीन. फोन करत नाही ते का, हे तुला ठाऊक आहे. फोनवर मी पहिल्या अक्षरापाशी अडकतो, आणि दुसरे येईपर्यंत समोरचा "रेंज गेली वाटतं" म्हणून ठेवून देतो. ब्रश हातात असला की मी कुठेच अडकत नाही.

पैसे पोचले. तू कामाकडे लक्ष दे. उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

कान बांधून आत जात जा, असे ती सांगते आहे.

दाजी


६ मार्च

दाजी,

"कारण आहे" म्हणे! मग सांगा ना. कागदावर तर तुम्ही अडकत नाही. मूग गिळून बसायची सवय आहे तुम्हाला, दुसरं काय.

आणि आत्याने आणखी एक सांगितलं, ते तर मला झोपू देत नाही. ती दुसऱ्यांदा आली होती, रस्त्यावरूनच बघून गेली. ताई आत खाटेवर, आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या पलीकडे, स्टुलावर. ताट खिडकीतून आत. झोपताही बाहेर. दाजी, कॅन्सर काय उडून लागतो? मी सहावी नापास, मलासुद्धा माहीत आहे लागत नाही म्हणून. तुमच्या एवढ्या मोठ्या अक्षरात एवढंही ज्ञान नाही?

तर मी ठरवलं. आत्याला फोन लावला. चुलत भावंडांना लावला. ताईच्या शिलाईच्या कारखान्यातल्या बायकांना निरोप दिला. ती काजवाली, जी ताईच्या शेजारच्या मशीनवर काजं करायची, ती तर म्हणाली, "अरे, मी कधीची यायचं म्हणते, पण ती पाटी बघून पाय मागे घेतला." सगळ्यांना सांगितलं, रविवारी जा. एकेकटे जाऊ नका, एकेकाला हा माणूस हाकलेल. घोळक्याने जा. पाटी काढून बाजूला ठेवा, माझी परवानगी आहे. पोरंटोरंही न्या, ताईला पोरं आवडतात. घरात दोन घटका आवाज होऊ दे.

हे पत्र तुमच्या हातात पडेल तोवर रविवार होऊन गेलेला असेल. मुद्दामच.

भिंगरी


३० मार्च

चि. भिंगरीस,

उत्तराला उशीर झाला. आम्ही हॉस्पिटलात होतो. परवा घरी आलो.

आता सगळे लिहितो. तुझ्या ताईने मला मना केले होते. तिचे म्हणणे, धाकट्याला कळले की तो हातातले खोके तिथेच टाकून धावत सुटेल, आणि पहिल्यांदाच कुठे टिकलाय तेही जाईल. म्हणून "ठीक आहे" लिहीत राहिलो.

केमोचे औषध दिले की आठ-दहा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या म्हणजे अंगातले राखणदार. ते नसले की दुसऱ्याची साधी सर्दीही तिला तापात पाडू शकते. तिच्या पेशी दुसऱ्या औषधापासून फारच खाली जाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, घरात माणसांची वर्दळ नको. मी पाटी रंगवली. कारणही लिहिणार होतो. ती म्हणाली, "माझा आजार दारावर टांगू नका. येणारा-जाणारा वाचेल आणि चुकचुकत पुढे जाईल." म्हणून तीनच शब्द लिहिले.

खिडकीचेही सांगतो. औषध सुरू झाल्यापासून तिला वास सहन होत नाही. तेलरंग आणि टर्पेंटाइन यांचा तर मुळीच नाही. मी साबण लावून पाहिला, राख लावली, लिंबू चोळले. नखांत मुरलेला वीस वर्षांचा वास जात नाही. मी उंबऱ्यात आलो की तिला उलटी होते. काम सोडले तर खायचे काय? म्हणून मी व्हरांड्यात बसतो. वारा कुठून येतो ते बघून स्टूल सरकवतो. ती आतून बोलते, मी बाहेरून मान हलवतो. बारा वर्षे असेच चालले आहे, मध्ये फक्त खिडकी आली.

रविवारी सगळे आले. अकरा माणसे. पाटी काजवालीने काढली आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवली. आत्याच्या नातवाचे नाक वाहत होते. मी दारात आडवा उभा राहिलो. मला दोनच वाक्ये सांगायची होती. पण इतके चेहरे समोर बघून माझी जीभ टाळूला चिकटली. "प" च्या पुढे गाडी सरकेना. तुझा चुलत भाऊ म्हणाला, "दाजी, तुमचं होईपर्यंत आम्ही चहा पिऊन घेतो." सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले. हसत हसत माझ्या बाजूने आत गेले.

चौथ्या दिवशी तिला ताप भरला. औषधाची पुढची पाळी चुकली. आता ताप नाही, पण स्वतःच्या पायावर मोरीपर्यंत जाववत नाही.

मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तू विचारले होतेस, म्हणून लिहिले.

दाजी


९ एप्रिल

दाजी,



तुम्ही म्हणाला होतात उंटावरून शेळ्या हाकू नकोस. हाकल्या, आणि थेट ताईच्या अंगावर नेऊन सोडल्या.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मग आत गेलो आणि कान न बांधताच उभा राहिलो. मुकादम ओरडला, "मरायचंय का?"

आत्याला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. नाक वाहणारं पोर घेऊन आजाऱ्याच्या घरी जातात का, अक्कल गहाण ठेवली होती का, सगळं. तिने फोन ठेवला. मग ताईला लावला. "मी बरी आहे, तू जेवलास का?" मी म्हणालो, जेवलो. खोटं होतं. तिचंही आणि माझंही.

तुम्ही एक करा. डॉक्टरला सरळ विचारा, हे माझ्यामुळे झालं का? आणि जे सांगेल ते तसंच्या तसं लिहा. रंग देऊ नका.

मी तुम्हाला काय काय बोललो ते मला आठवतंय. तुम्ही विसरू नका, मीही विसरणार नाही. पण एवढं सांगतो, तुम्ही हवेची दिशा बघून स्टूल सरकवता, हे मी इथल्या खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. एकाने उठून उगीचच खिडकी उघडली.

सहा हजार पाठवतोय. दुसरं काय करावं कळत नाही.

भिंगरी


२२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आत्याला का बोललास? ती तुझे ऐकून आली होती. तिला पुन्हा फोन कर आणि या वेळी ऐक.

डॉक्टरांना विचारले. म्हणजे लिहून नेले आणि पुढे केले. ते म्हणाले, ताप कशाने आला ते सांगता येत नाही. बाहेरून आला असेल, किंवा तिच्या आतड्यातलाच जंतू असेल. अशा वेळी घरचाही चोर होतो. पाळी चुकल्याने किती बिघडले, तेही सांगता येत नाही. मी कागद पुन्हा पुढे केला. पहिल्यांदा तुझ्यासाठी विचारले होते, दुसऱ्यांदा माझ्यासाठी. उत्तर तेच आले.

माझ्यासाठी अशाकरिता, की पाटी माझी होती. ती लावल्यापासून तुझ्या ताईने माझ्याशिवाय आणि नर्सशिवाय कोणाचे तोंड पाहिले नव्हते. मला वाटायचे मी राखण करतो आहे. त्या रविवारी मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होतो. आत्याने तिच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जन्मलीस तेव्हा अशीच होतीस गं, टकलू! तेव्हाही मीच म्हटलं होतं, येतील केस, घाई काय आहे." ती इतकी हसली की तिला धाप लागली. हा आवाज मी किती महिन्यांत ऐकला नव्हता, तेच मला आठवेना.

हॉस्पिटलात ताप चढलेला असताना ती मला म्हणाली, "आला तर आला ताप. त्या दिवशी दोन तास मी आजारी नव्हते."

तेव्हा तुझ्या गर्दीने तिचे जास्त वाईट केले की माझ्या पाटीने, हे मला ठरवता येत नाही. तू एकट्याने सगळे डोक्यावर घेऊ नकोस. अर्धे माझे आहे.

आता काजवालीने सूत्रे हाती घेतली आहेत. पाळ्या लावल्या. एका वेळी एकच माणूस, हात धुऊन, मास्क लावून. ज्याला शिंक आली त्याने घरीच शिंकावे. आत्या मंगळवारी येते. काजवाली बुधवारी आणि शनिवारी, कारखाना सुटला की दोन गाड्या बदलून येते. सोबत शर्टांची चळत आणते, काजे करीत बसते आणि नव्या सुपरवायझरची नक्कल करते. एकदा ताई म्हणाली, "तू दमून येतेस, नको येत जाऊ." तर तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "मी तुला भेटायला नाही येत, माझ्या घरी बल्ब गेलाय."

मी नवी पाटी केली. "एकानेच यावे. हात धुवावेत. सल्ला देऊ नये." शेवटची ओळ तुझ्या ताईची. कोणाच्या तरी मावसभावाला कुठल्या तरी पाल्याच्या रसाने बरे वाटले, हे तिने त्या रविवारी चार जणांकडून ऐकले होते.

दाजी


२४ मे

दाजी,

आत्याला फोन केला. माफी मागितली. म्हणाली, "माझं वय झालं रे, पण तुझ्या जिभेचं अजून झालेलं दिसत नाही." मग बराच वेळ ऐकून घेतलं. कान लाल झाला, पण बरं वाटलं.

तुमची नवी पाटी ऐकून खोलीत सगळे लोळले. एक जण म्हणतो, तिसरी ओळ मला माझ्या सासऱ्यासाठी रंगवून हवी.

चला, गाडी रुळावर आली म्हणायची. फोनवर परवा ताईचा आवाज छान होता. जरा बारीक होता, पण छान. मी तिला सांगितलं, सप्टेंबरात येतो. त्याच्या आधी जमत नाही, कारण ठेकेदार दर महिन्याला थोडा पगार दाबून ठेवतो आणि ऑगस्टअखेर एकदम देतो. मधेच उठलं की तो गेला. मी ताईला म्हटलं, बघ, तुझी भिंगरी थांबली! ती म्हणाली, "शहाणा माझा." लहानपणी चुकूनसुद्धा म्हणाली नव्हती.

सप्टेंबरात आलो की पूर्ण महिना राहतो. तुमचं स्टूल मी घेतो, तुम्ही जरा बाजारात फिरून या.

सोबत एक कानटोपी आहे. कंपनी आम्हाला देते तसली, आतून लोकरीची. एक हरवली असं सांगून दुसरी घेतली. तिच्या डोक्याला गार लागत असेल. वापरलेली नाही, कोरी आहे, तरी उकळून घ्या. हात धुऊनच पॅक केली.

भिंगरी


१२ जून

चि. भिंगरीस,

टोपी पोचली. गरम होते तरी काढत नाही. आरशात बघून म्हणाली, "आता कोणी खोकी रचायला बोलावलं तरी जाईन."

डॉक्टरांनी औषध थांबवले. गाठ आता यकृतात आहे. यापुढे फक्त दुखू नये एवढेच बघायचे. मी तिच्यापासून काही लपवले नाही. तिनेच सांगितले, "धाकट्यालाही लिहा. सगळं लिहा."

मी काम बंद केले. ब्रश, डबे, सगळे शेजारच्या गल्लीतल्या पेंटरला देऊन टाकले. घरखर्च आता आत्या आणि चुलत भाऊ मिळून बघतात. पंधरा दिवसांत माझ्या हातांचा वास गेला. आता मी आत बसतो, खाटेला लागून. पहिल्या दिवशी तिने माझा हात नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि म्हणाली, "हे आधी नसतं का करता आलं?" आले असते. चुलत भाऊ तर मार्चमध्येच म्हणाला होता, दाजी, लागेल ते सांगा. मला वाटले, ज्याच्यासमोर एक शब्द धड बोलता आला नाही, त्याच्याकडे हात कसा पसरू? आता ते तीन महिने कुठून आणू?

तिने बजावले आहे की तुला "ये" असे लिहायचे नाही. मी लिहीत नाही. फक्त ती काजवालीला काय विचारते, ते लिहितो. तिकडून इकडे यायला किती वेळ लागतो? मध्ये गाडी बदलावी लागते का? बसायला जागा मिळते का? बुधवारी विचारते, शनिवारी पुन्हा विचारते. काजवालीला ठाऊक नाही, तरी ती दर वेळी काहीतरी सांगते, आणि दर वेळी वेगळे सांगते.

दाजी


२० जून

दाजी,

काम सोडलं.

ठेकेदार म्हणाला, ऑगस्टच्या आधी गेलास तर दाबलेला पगार विसर. म्हटलं, विसरलो. याआधीची सगळी कामं मी भांडून नाहीतर पळून सोडली. हे एकच सोडताना पाय जड झाले, ते कामासाठी नाही. टोपी पाठवली तेव्हाच टोपीबरोबर मी निघायला हवं होतं. टोपीबरोबर कशाला, फेब्रुवारीतच. जिथे टिकायचं तिथे कधी टिकलो नाही, आणि उठायचं तेव्हा दगडासारखा बसून राहिलो. वर ताईकडून शाबासकी घेतली. अकरा माणसं तिच्या दारात पाठवली मी, एकेकाला फोन करून, आणि त्यात माझं नाव घालायचं मला सुचलंसुद्धा नाही. आवाज बारीक झालाय हे ऐकू आलं होतं मला. ऐकू आलं आणि मी "छान" लिहिलं.

तुम्ही "ये" लिहिलं नाहीत ते बरं केलंत. तिचे प्रश्नच पुरले.

तिला उत्तर द्या. काजवालीला आता काही बनवून सांगायला नको. मंगळवारी निघतो, गुरुवारी सकाळी पोचतो. पत्र स्पीड पोस्टने टाकतोय, माझ्या आधी पोचेल. गाडी एकदाच बदलावी लागते. बसायला जागा मिळाली नाही तरी चालेल, दीड वर्ष मी उभाच आहे. इथल्या डॉक्टरकडून छाती, घसा तपासून घेतलाय, सर्दी नाही, खोकला नाही. आणि तिने विचारलं जेवला का, तर म्हणावं, नाही. तुझ्याकडेच येऊन जेवणार आहे, म्हणून थांबलाय. तिला थांबवून धरा दाजी. तुम्हाला बोलता येत नाही हे मला माहीत आहे, पण हे एक अडकत अडकत का होईना, सांगा.

तिकीट काढून हातात फार उरलं नाही. जे उरलं ते पाठवतोय, पण ते औषधाला घालू नका आणि घरातही खर्चू नका. काजवालीच्या दोन गाड्यांच्या भाड्याला द्या. ती घेणार नाही, बल्बचं काहीतरी सांगेल. तिच्या शर्टांच्या चळतीत खुपसून ठेवा. मी पोचेपर्यंत तिचा शनिवार आणि बुधवार चुकायला नको.

तीनशे चाळीस आहेत.